सुईच्या आधी बोट

माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर एक तक्ता आहे. त्यात माणूस उभा, अंगभर चौदा रेघा आणि त्या रेघांवर ३६१ प्रमाणित बिंदू. ईट गावच्या बाजारादिवशी आलेला पेशंट आधी त्या तक्त्यापुढे उभा राहतो आणि विचारतो, "डॉक्टर, कंबरेचा ठिपका यातला कुठला?" दुखण्यागणिक एक ठिपका ठरलेला असणार, आम्ही फक्त सुई मारायची, अशी त्याची समजूत. बाजारातली बरीच पुस्तकंही हीच समजूत वाढवतात. डावीकडे आजार, उजवीकडे बिंदूंची नावं, झालं काम.

प्रत्यक्षात तसं नसतं. डोकेदुखीचंच घ्या. नुसतं कपाळ दुखत असेल तर अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातला हेगू चालतो. जोडीला पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटांमधला बिंदू घेतो. अर्धशिशी असेल, कानशील ठणकत असेल, तर पित्ताशयाची रेघ धरावी लागते, कारण ती डोक्याच्या बाजूवरून, कानामागून फिरत थेट पायाच्या चौथ्या बोटापर्यंत उतरते. मान आखडून डोक्याची मागची बाजू धरली असेल तर कवटीच्या बुडाशी, खोबणीतला फेंगची. टाळूच तडकत असेल तर पायाच्या अंगठ्यामागचा ताइचोंग. म्हणून "डोकं दुखतंय" म्हणताना पेशंटचा हात कुठं जातो ते मी बघतो. तोंडानं सगळे एकच सांगतात, हात मात्र नेमकी जागा दाखवतो.

तरुण बाई असेल तर सुई हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारावाच लागतो. दिवस गेले असतील तर हेगू टोचायचा नाही, घोट्याच्या वरचा सानयिनज्याओही नाही. परंपरेची ही सक्त मनाई मी काटेकोर पाळतो. नवी सून सासूसमोर हे बोलत नाही. म्हणून सासूबाईंना बाहेर बाकावर बसवून चहा पाजायचा आणि मग विचारायचं. बिंदू निवडण्याचं अर्धं काम असल्या गोष्टींत असतं. कुठल्याही तक्त्यात ते छापलेलं नसतं.

आमचा भूम तालुका खव्याचा. किलोभर खव्याला चार-पाच लिटर दूध आटवावं लागतं आणि खाली लागू नये म्हणून ते सारखं हलवावं लागतं. भट्टीवर हे काम करणारा माणूस कोपर धरून येतो. कोपराच्या बाहेरचं हाड नुसतं दाबलं तरी तो कळवळतो. मी आधी त्याचा हात काटकोनात दुमडतो. घडी जिथं संपते तिथं च्यूची हा बिंदू. तिथून बोटानं दाबत दाबत मनगटाकडे उतरायचं. दोन-तीन बोटं खाली स्नायूत एक गाठ लागते, दोरी पीळ देऊन ठेवावी तशी. तिच्यावर बोट पडलं की त्याचा चेहराच सांगतो. मग मानही तपासायची, कारण कधी कधी कोपराची कळ मानेतून आलेली असते आणि कोपरावर कितीही सुया लावल्या तरी हटत नाही. अशा पेशंटला तीन-चार सुया पुरतात, त्या वीस मिनिटं ठेवायच्या. त्यानंतर खवा हलवायचा दांडा लांब कर, हात आलटून पालटून वापर, हेही सांगावं लागतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पुन्हा भट्टीवरच असणार.

अंतर मोजायचं ते पेशंटच्याच हातानं, हा मला या विद्येचा फार शहाणपणाचा नियम वाटतो. अंगठ्याची रुंदी म्हणजे एक सुन, चार बोटं जोडली की तीन सुन. गुडघ्याच्या वाटीखालच्या बाहेरच्या खळगीपासून तीन सुन खाली, नडगीच्या धारेपासून बोटभर बाहेर, तिथं झुसानली. पोटाच्या तक्रारींचा हा मोठा बिंदू. धिप्पाड पैलवानाचा झुसानली त्याच्या चार बोटांवर, शाळकरी पोराचा त्याच्या चार बोटांवर.

ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या की कंबरांची रांग लागते. उचल घेतलेली असते, त्यामुळे हंगामात कुणी दुखणं बोलून दाखवत नाही. वाकून कोयता चालवायचा आणि वर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. पण या सगळ्या कंबरा सारख्या नसतात. कळ मांडीच्या मागून पोटरीत उतरत असेल तर मूत्राशयाची रेघ, म्हणजे पालथं निजवून गुडघ्याच्या मागच्या घडीच्या मधोमध वेइचोंग. कुल्ल्यावरून मांडीच्या बाहेरच्या अंगानं उतरत असेल तर पित्ताशयाची रेघ, म्हणजे गुडघ्याखाली बाहेरच्या हाडाच्या पुढचा यांगलिंगच्वान. सुईआधी मी पायाचा अंगठा जोर लावून वर उचलायला सांगतो. उचलत नसेल, पाऊल लुळं पडत असेल, बसायच्या जागेला बधिरपणा असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर एकही सुई न लावता बार्शी नाहीतर सोलापूर, आणि तेही त्याच दिवशी.

ही विद्या चीनची, पण आपल्याकडे तिची वाट सोलापूरकरांना ठाऊक असलेल्या एका पथकावरून जाते. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, नागपूरचे चोळकर आणि कलकत्त्याचे विजयकुमार बसू होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. बसू परतले. पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी उपचार सुरू केले. नाडी, पोट, मज्जातंतू तपासायची सवय असलेल्या डॉक्टरच्या हातून ती इकडे आली, याचं मला मोल वाटतं.

आता अवघड प्रश्न: नेमक्या ठिपक्यानं फरक किती पडतो? जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ साली आले. सहा महिन्यांनंतर शास्त्रोक्त बिंदूंवर सुया घेतलेल्या ४७.६ टक्के लोकांना फरक होता. रेघा-बिंदू मुद्दाम टाळून वरवर टोचलेल्यांत ४४.२ टक्के आणि नेहमीच्या औषध-व्यायामात २७.४ टक्के. सुईनं गुण येतो, पण नेमक्या ठिपक्याचा वाटा कमी दिसतो, असा याचा सरळ अर्थ. आमच्यातले काही जण हे आकडे झाकून ठेवतात. मला ते पटत नाही. मला यातून एवढंच कळतं की ठिपक्याच्या पोथीनिष्ठ हट्टापेक्षा बोटाला लागलेली दुखरी जागा, कळ कुठून कुठं जाते याची विचारपूस आणि सुई कुठं नको याचं भान जास्त कामाचं.

'कुठं नको' हे तर जिवावरचं. खांद्यावरचा ज्यानजिंग मानदुखीला उत्तम, पण त्याच्या खाली फुप्फुसाचं टोक असतं. आमच्याकडची कष्टकरी माणसं अंगानं वाळलेली. तिथं सुई सरळ खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा भरते. म्हणून किडकिडीत माणसाला मी तिथं नुसतं दाबतो आणि सुई हातापायावर लावतो.

सुया घ्यायला कुठंही जा, पण तीन गोष्टी बघा. राज्यात या उपचाराचा कायदा आहे, परिषद आहे, तेव्हा नोंदणी आहे का ते विचारा. सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. आणि अंगाला हात न लावता, काही न विचारता थेट सुई काढणाऱ्यासमोरून उठून घरी या.