उजेड आपला आपण आणायचा

निफाड तालुक्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाचा दिवस विहिरीच्या कडेला नाहीतर बोअरच्या तोंडाशी जातो. सावली मिळाली तर स्टार्टरच्या पेटीएवढी. माझ्या पिशवीतल्या तीन वस्तूंना स्वतःचा उजेड नाही: वायरीतला करंट मोजणारा मीटर म्हणजे टाँग टेस्टर, कॅसिओचा कॅल्क्युलेटर आणि २०१६ सालचं साधं किंडल. मनगटावरचं एफ-९१डब्ल्यू घड्याळ धरलं तर साडेतीन वस्तू म्हणू. त्याच्या डाव्या कडेला एक हिरवा ठिपका पेटतो खरा, पण त्या उजेडात मिनिटं वाचायची तर किती वाजले असतील याचा आधी अंदाज असावा लागतो.

दिवसा या वस्तूंना तोड नाही. दुपारचं ऊन लाखभर लक्सच्या घरात असतं, घरात ट्यूबखाली जेमतेम दोन-तीनशे. त्या उन्हाशी झुंजायला फोन आपला दिवा पेटवतो, तापतो आणि शेवटी स्वतःच उजेड कमी करून टाकतो. शेतकरी त्यावर हाताचा आडोसा करून, डोळे बारीक करून नंबर शोधत असतो. माझा मीटर मात्र ऊन जितकं कडक तितका ठळक दिसतो, कारण तो उन्हाशी झगडतच नाही, उन्हानेच वाचला जातो. आत दोन ध्रुवक पट्ट्यांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा पातळ थर आणि मागे चकाकता पत्रा. बाहेरून आलेला उजेड पत्र्यावर आपटून परत फिरतो. जिथे विजेचा दाब दिलेला असेल तिथे तो अडतो आणि तेवढी रेघ काळी दिसते. ही पद्धत शाट आणि हेलफ्रिश या दोघा शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये शोधली, तीही बासेलच्या एका औषध कंपनीत बसून. औषधवाल्यांना याचं काय करायचं असं तिथल्या साहेबांना वाटलं असेल तर मी त्यांना दोष देणार नाही.

दिवा नसला की वीज किती कमी लागते, हे घड्याळावरून कळतं. नाण्याएवढ्या एका सेलवर ते सात वर्षं चालतं असा कॅसिओचा दावा आहे, आणि माझ्या मनगटाचा अनुभव त्याच्या आसपासचाच आहे. किंडल आठवडेच्या आठवडे चार्जिंगला लावावं लागत नाही.

किंडल पिशवीत आलं ते वाट पाहण्यामुळे. शेतीची थ्री फेज लाईट पाळीने येते: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मोटार जोडून झाली तरी ती चालते की नाही हे लाईट आल्याशिवाय कळत नाही आणि शेतकरी काही केल्या जाऊ देत नाही. "येईलच हो आता दादा, च्या घ्या," असं म्हणत दोन तास जातात. त्या दोन तासांत बांधावर, पाठीवर ऊन घेऊन मी वाचतो. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली आणि माझी सोय झाली. किंडलच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या लक्षावधी कुप्या असतात. प्रत्येकीत पांढरे आणि काळे कण, एकमेकांच्या उलट भाराचे. विजेचा झटका दिला की पांढरे वर येतात किंवा काळे, आणि वीज काढली तरी जागचे हलत नाहीत. म्हणून मजकूर नुसता दिसत राहायला वीज लागत नाही, पान उलटायलाच लागते. एकदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कुणीतरी पिशवीवर पाइपांचं बंडल टाकलं आणि आधीचं किंडल फुटलं. अर्ध्या पडद्यावर कादंबरीचा तो परिच्छेद तसाच गोठून राहिला होता, यंत्र मेल्यावरही.

आता त्रासाचं सांगतो. आमच्या द्राक्षवाल्यांची खरी धावपळ डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे असते. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की बागेत शेकोट्या पेटवायच्या आणि विहिरीचं कोमट पाणी सोडायचं, म्हणजे घड बचावतात. नेमकी तेव्हाच मोटार गुरगुरते आणि फिरत नाही. फोन येतो, "दादा, मोटार नुसती घुमती, उचलत नाही." एक फेज गेली असेल तर उरलेल्या दोन फेजांवर करंट चढतो आणि मोटार जळायला फार वेळ लागत नाही. प्रत्येक वायरीला टाँग टेस्टर लावून आकडा बघायचा, तोही झटपट. आणि आकडाच दिसत नाही.

टॉर्च सरळ मारला तर समोरच्या प्लॅस्टिकवर चकाकी उठते. तिरका धरला तर दुसरीच गंमत: आकडा असतो पुढच्या काचेत आणि त्याची सावली पडते मागच्या पत्र्यावर, त्यामुळे एकाचे दोन दिसतात. सात रेघांच्या आकड्यात ६ आणि ८ यांच्यात फरक एका रेघेचा, ८ आणि ९ यांच्यातही एकाच रेघेचा, ० आणि ८ मधली तर फक्त आडवी दांडी. बारा-तेरा अँपिअर घेणारी साडेसात हॉर्सपॉवरची मोटार १६ घेतेय की १८, यावर ओव्हरलोड रिले कुठे बांधायचा ते ठरतं. वरून बघितलं तर आकडे विरतात, म्हणून ओल्या चिखलात गुडघे टेकून, पेटीत डोकं घालून, टॉर्च दातात धरून वाचायचं. टॉर्चवर चिलटं येतात ती तोंडातच. हाताखालचा पोरगा टॉर्च धरतो, पण त्याला शेकोटीकडे बघायचं असतं. थंडीत द्रवस्फटिकही आळसावतो, आकडा बदलताना आधीचा रेंगाळतो.

उन्हाळ्यात उलटं होतं. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेला कॅल्क्युलेटर पूर्ण काळा पडतो. ठरावीक तापमानापलीकडे तो स्फटिक साध्या द्रवासारखा वागू लागतो आणि सगळा पडदा एकसारखा काळोखतो. घाबरायचं नाही, सावलीत ठेवला की आकडे परत येतात. शिवाय गॉगल. एका बागायतदाराचा मुलगा पुण्याहून पोलराइज्ड गॉगल घालून आला आणि म्हणाला, "काका, तुमचा मीटर बंद पडलाय." मीटर चालू होता. गॉगलची पट्टी आणि मीटरची पट्टी आडवी-उभी झाली होती, इतकंच. मान वाकडी करायला सांगितली तेव्हा त्याला आकडा दिसला. वडील एवढे हसले की मोटारीचं बिल त्या दिवशी घासाघीस न करता मिळालं.

किंडलचं रात्रीचं दुखणं मीटरइतकं जिवावरचं नाही, पण रोजचं आहे. त्याचा पांढरा रंग पांढरा नसतो, वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही काळपट असतो. इंग्रजी अक्षरं त्यात निभावतात. मराठीत रफार, अनुस्वार आणि वेलांट्या संध्याकाळी सहानंतर आधी नाहीशा होतात, आणि एका इंचात १६७ ठिपक्यांच्या त्या पडद्यावर बारीक टाइप ठेवलात तर उरलीसुरली मात्राही गळते. टाइप मोठा केला की पानावर दोन परिच्छेद मावतात. रेल्वेच्या डब्यात रात्री दहाला दिवे गेले की पुस्तक मिटायचं. घरी टेबलावरचा दिवा लावला की सौभाग्यवती कूस बदलून म्हणतात, "अहो, उद्या वाचा ना." फोनवाल्याला हे कुणी म्हणत नाही.

दोन्ही सोयी एकाच पडद्यात देता येतात, हे मला एका लॅपटॉपवरून कळलं. २००७ मध्ये गरीब देशांतल्या मुलांसाठी जो हिरवा-पांढरा स्वस्त लॅपटॉप निघाला, त्याचा पडदा मेरी लू जेप्सन यांनी बेतला होता: मागचा दिवा लावला की रंगीत, विझवला की उन्हात काळ्या-पांढऱ्या अक्षरांत वाचता येणारा. रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेतही तो पोहोचला होता. ती लॅपटॉपची योजना नंतर मागे पडली, तिच्याबरोबर पडदाही. माझ्या मते त्यातली टिकवण्यासारखी गोष्ट पडदाच होती. आज कांद्याच्या शेतात उभा राहून बाजारभाव बघणाऱ्याला तसा फोन मिळायला हवा. पण फोन दुकानात विकला जातो, आणि दुकानात ऊन नसतं.

गेल्या वर्षी मी दिव्याचा टाँग टेस्टर घेतला. बटण दाबलं की निळसर उजेड येतो आणि थोड्या वेळाने आपोआप जातो, बहुतेक वेळा तिसऱ्या फेजच्या आकड्याआधीच. सेल पूर्वीपेक्षा लवकर संपतात, म्हणून जास्तीची जोडी बाळगावी लागते. तरी पहाटेच्या कामाला तोच नेतो. दातांना आराम आहे. दिवसाच्या कामाला जुनाच, कारण तो पडला-झडला तरी हळहळ नाही.

किंडलही नवं आलं, कडेला दिवे असलेलं. त्याचा उजेड मागून डोळ्यांत येत नाही, पुढून पडद्यावर पसरतो, त्यामुळे अंधारातही कागदासारखंच दिसतं. ते घराबाहेर न्यायला मात्र मनाई आहे. ट्रॉलीतल्या पाइपांची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि मी नसताना दुपारी ते कोण वाचतं तेही मला माहीत आहे.