आधी हातात पडणारे पैसे

खोपोलीच्या शिळफाट्यावर कुणाची मुलगी नर्सिंग करून नोकरीला लागली की शेजारच्या बायका पूर्वी पहिलं हेच विचारायच्या, "पेन्शनीची आहे ना?" पगाराचा आकडा त्यानंतर, आणि तोही आवाज खाली आणून. त्याच आळीत आता विचारतात, "जॉइनिंग बोनस किती देतायत?" आणि आकडा आई स्वतःहून सांगते, मोठ्याने सांगते. मला त्या आईच्या आवाजातला आनंद आवडतो. नर्सची गरज कुणाला तरी इतकी आहे की तो आधी पैसे मोजतो, ही गोष्ट आमच्या लहानपणी कुणी सांगितली असती तर पटली नसती.

तेव्हाचा आमचा फाटा म्हणजे बोरघाट चढण्याआधी गाड्या दम खायच्या ती जागा. मुंबई-पुण्याची सगळी वाहतूक खोपोलीतून जायची. ट्रकवाले रेडिएटरात पाणी ओतायचे, एसटी थांबायची, पंक्चरची दुकानं रात्रभर उघडी असायची. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला आणि लांबच्या गाड्या बऱ्याचशा तिकडे वळल्या. पण नर्सची वाट रस्त्याची नव्हती, रेल्वेची होती. कर्जतहून निघालेली लोकल पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी घेत खोपोलीला यायची आणि रात्रपाळी संपवून येणाऱ्या सिस्टर तिच्यात बसल्याबसल्या झोपलेल्या असायच्या. पिशवीत डबा आणि घडी घातलेली पांढरी साडी. त्यांना उठवायचं कामही डब्यातल्या बायकाच करायच्या.

आमच्या आळीत अशाच एक सिस्टर राहतात, आता निवृत्त. त्यांच्या वेळचा हिशोब त्या आजही बोटांवर सांगतात. जीएनएम या नर्सिंग पदविकेचं शिक्षण वसतिगृहात राहून, वर थोडं विद्यावेतन. मग एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव, टपालाने आलेला कॉल, आणि नेमणूक मिळेल तिथे. पहिला पगार कागदपत्रं मार्गी लागेपर्यंत दोन-तीन महिने रखडला, तोवर उसनवारीवर काढलं. आधी हातात पडणं तर सोडाच, झालेल्या कामाचेही पैसे उशिरा. तरी त्यांनी ती नोकरी का धरली? क्वार्टर मिळणार होतं, बदली झाली तरी सेवा तुटणार नव्हती आणि म्हातारपणी कुणापुढे हात पसरावा लागणार नव्हता. राज्य सरकारने १ नोव्हेंबर २००५पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद केली आणि तिथे तो हिशोबच मोडला. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, त्यात परिचारिकाही उतरल्या होत्या. सिस्टर म्हणाल्या, "आम्ही नकळत किती मोठी गोष्ट घेऊन बसलो होतो!"

त्या काळाचे मी गोडवे गाणार नाही. खासगी नर्सिंग होममध्ये लागलेल्या मुलींची मूळ प्रमाणपत्रं मालकाच्या कपाटात अडकून पडायची. सोडून जायचं तर बॉण्डचे पैसे भरा, नाहीतर कागद मिळणार नाहीत. २०११ मध्ये मुंबईतल्या खासगी रुग्णालयांत परिचारिकांनी याच जाचाविरुद्ध संप केले, त्यांत केरळहून आलेल्या मुली पुष्कळ होत्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितल्यावरून केंद्राने समिती नेमली. तिने शिफारस केली ती अशी: दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेला सरकारी परिचारिकेइतकाच पगार, आणि पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीसुद्धा महिना २०,००० रुपयांच्या खाली नाही. सातव्या वेतन आयोगानुसार राज्यातल्या अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते. खासगीत लागणाऱ्या मुलीने आपल्या ऑफर लेटरवरचा आकडा या दोन आकड्यांशेजारी ठेवून बघावा. बोनस मोठा का वाटतो, याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

आता पनवेल, कामोठे, खारघर, नेरूळ या पट्ट्यात मोठी रुग्णालयं उभी राहिली आहेत. खोपोलीची मुलगी बीएस्सी नर्सिंग करते आणि ऑफर मोबाइलवर येते. मागच्या वर्षी आळीतलीच एक मुलगी दोन ऑफर घेऊन सिस्टरांकडे आली तेव्हा मी तिथे होते. एकीकडे महिना २४,००० आणि बोनस काही नाही. दुसरीकडे २१,०००, पण रुजू होताच ५०,००० आणि दोन वर्षं सोडायचं नाही. घरात सगळ्यांचा कौल दुसरीकडे होता, कारण शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते सुरू व्हायचे होते. सिस्टरांनी कागद घेतला. महिन्याला तीन हजारांचा फरक, चोवीस महिन्यांचे झाले ७२,०००. त्यातून पन्नास वजा केले तर मुलगी २२,००० रुपयांनी खाली. शिवाय भविष्यनिर्वाह निधी कापला जातो तो मूळ पगारावर, पुढची वाढ मिळते तीही पगारावर, आणि पुढच्या रुग्णालयात विचारतात तो शेवटचा पगार. बोनस यातल्या कशातच धरला जात नाही.

"आणि चौदाव्या महिन्यात सोडलंस तर?" सिस्टरांनी विचारलं. कागदावर लिहिलं होतं की पूर्ण रक्कम परत. राहिलेल्या दहा महिन्यांपुरती नव्हे, पूर्ण पन्नास हजार. प्रमाणात परतफेड असती तर २०,८३३ रुपये भरून सुटता आलं असतं. या एका ओळीवरून बोनस बक्षीस आहे की कर्ज, ते ठरतं.

कर्जत-खालापुरात हा व्यवहार कुणाला नव्याने समजावायला नको. पावसाळ्यात कातकरी वाड्यांमध्ये हाताला काम नसतं, तेव्हा वीटभट्टीचा माणूस येऊन उचल देतो. दिवाळी झाली की कुटुंब पोराबाळांसह भट्टीवर जातं आणि हंगाम संपताना हिशोब होतो. उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याच मालकाकडे. वेठबिगारीविरोधी कायदा १९७६चा आहे, तरी हे चालत आलं आहे. शिकलेल्या, परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेल्या मुलीची स्थिती आणि त्या कुटुंबाची स्थिती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. पण गरजेच्या क्षणी रोख पुढे करायची आणि पुढचे महिने बांधून घ्यायचे, ही रीत आमच्या मातीत जुनी आहे. म्हणून आमच्या मुलींनी तरी ती लांबून ओळखावी असं मला मनापासून वाटतं.

परदेशात हा बोनस फार आधीपासून रुळला आहे. अमेरिकेतली रुग्णालयं अशा रकमा उघड जाहिरातीत छापतात, तिथेही ठरावीक काळ टिकण्याची अट असतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या अहवालात जगभर ५९ लाख परिचारिका कमी असल्याचं म्हटलं होतं. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. म्हणजे आमच्या मुलींना मागणी राहणार, आणि मागणी आहे तोवर त्यांनी घासाघीस करायला लाजू नये.

सिस्टरांचा पुढचा प्रश्न पैशांचा नव्हता. "रात्री तुझ्याकडे पेशंट किती?" भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण वॉर्डात पाच खाटांमागे एक परिचारिका असा आहे. मुलीने विचारलंच नव्हतं. मुलाखतीत हे विचारता येतं, हेच तिला माहीत नव्हतं. जिथे वर्षभरात निम्मा स्टाफ सोडून जातो तिथे बोनस मोठा असतो, असं सिस्टरांचं म्हणणं. मला ते पटतं. माणसं टिकत नसतील तर नवीन माणसाला आणायला जास्त मोजावं लागतं, आणि न टिकण्याचं कारण बहुधा रात्रपाळीतच असतं.

रात्रपाळीचं मोल खोपोलीला वेगळं सांगावं लागत नाही. १५ एप्रिल २०२३च्या पहाटे बोरघाटात शिंगरोबाच्या देवळाजवळ मुंबईकडे निघालेल्या ढोल-ताशा पथकाची बस दरीत कोसळली, १३ जण गेले. जखमींना खोपोलीत आणलं गेलं. त्या वेळी गाव झोपेत होतं, आणि ज्या जाग्या होत्या त्या ड्युटीवरच्या सिस्टर. त्यांना पनवेलपेक्षा चार पैसे कमी मिळतात म्हणून त्या उद्या घाट आणि गाव सोडून गेल्या तर दोष त्यांना देता येणार नाही. घाटाखालच्या दवाखान्यांनी टिकून राहणाऱ्या सिस्टरला दरवर्षी काही द्यावं, असं मला वाटतं. नव्याने येणारीला एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

मुलीने दुसऱ्या रुग्णालयाला फोन करून बोनस नको, पगार चोवीस करा म्हणून सांगितलं. ते तेवीसपर्यंत आले. रात्री उशिरा सुटल्यावर कर्जतपर्यंत गाडी सोडाल का, असंही तिने विचारलं. ते लेखी द्यायला कुणी तयार झालं नाही. तिने पहिली नोकरी घेतली. आता ती पनवेलला दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहते आणि ऑफच्या आदल्या संध्याकाळी घरी येते. कर्जाचा पहिला हप्ता भरायला थोडी ओढाताण झाली, तो सिस्टरांनी भरला. दर महिन्याला ती त्यातले हजार रुपये त्यांना परत करते.