नांपुलाची तूर

नांपुलाच्या विमानतळाबाहेर आलो आणि आधी डोंगर दिसले. डोंगर म्हणायचं ते आपल्या सवयीनं. ना रांग, ना उतार, ना पायथा. सपाट रानात मधेच ग्रॅनाइटचा एकसंध काळा घुमट उभा, मग दोन-चार कोस काही नाही, मग पुन्हा एक घुमट. कुणीतरी प्रचंड पिंडी मांडून ठेवल्या आणि पूजा करायची राहून गेली, असं वाटावं.

मोझांबिकच्या उत्तरेकडचं हे मोठं शहर. जोहान्सबर्गला विमान बदलून आम्ही दोघं आलो होतो. बरोबर उदगीरचे माझे एक डाळगिरणीवाले स्नेही. ते माल बघायला आले होते आणि मी, खरं सांगायचं तर, वैरी बघायला. मी लातूर जिल्ह्यातल्या तुरीच्या घरचा. लहानपणापासून बाजार समितीत ऐकत आलो, ‘बाहेरची तूर आली, भाव पडला.’ आडतीच्या पेढीवर या बाहेरच्या तुरीची नावं पाहुण्यांसारखी घेतली जातात : बर्माची लेमन, टांझानियाची अरुशा आणि मटवारा, मलावी, आणि ही मोझांबिकची गजरी. गजरी हा शब्द मी शेकडो वेळा ऐकला असेल. ती कुठल्या मातीत उगवते, हे कधी डोळ्यांसमोर आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी शहराबाहेर पडली. माती लाल, कोकणातल्यासारखी. दुतर्फा काजू आणि आंबा, मधे कसाव्याची शेतं, कुडाच्या भिंतींची गवताने शाकारलेली घरं. कमरेला रंगीत कापुलाना गुंडाळलेल्या बायका डोक्यावर ओझं घेऊन रस्त्याच्या कडेनं चाललेल्या. काहींच्या चेहऱ्यावर पांढरा लेप. चंदनाचा असावा असं वाटलं, पण ते मुसिरो नावाच्या झाडाचं उगाळलेलं खोड. मग चालकानं गाडी थांबवली आणि बोट दाखवलं, “फेझांव बोएर.”

मी बघतच राहिलो. तूर होती, पण माझ्या डोक्याच्या वर गेलेली. आपल्याकडे सोयाबीनमध्ये चार-सहा ओळींनंतर तुरीचं पाटं असतं. इथे मक्यात तूर. मका कधीच काढून झालेला आणि तूर एकटी उभी, वाळलेल्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत. महिना ऑगस्टचा. आमच्याकडे या दिवसांत तूर गुडघ्याएवढीही नसते. इथला पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होतो, तेव्हा पेरणी, आणि जुलै ते सप्टेंबर काढणी. आमची नवी तूर बाजारात यायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. त्याआधी गिरण्यांच्या वखारी रिकाम्या होत आलेल्या असतात. नेमक्या त्या खिंडीत ही तूर न्हावा शेवाला उतरते. स्नेही म्हणाले, “देवानं दोन देशांची पाळी लावून दिलीय बघा.” ते गिरणीच्या बाजूनं बोलत होते.

शेताच्या कडेला एक म्हातारा आणि त्याच्या घरच्या बायका तूर बडवत होत्या. एक जण सुपानं उफणत होती. तेच सूप, तोच मनगटाचा झटका, भुसा उडाला की डोळे मिटून घेण्याची तीच तऱ्हा. कडेला तुराट्यांचा ढीग लावलेला, सरपणासाठी. मी ओळखीच्या खळ्यावर आल्यासारखा पुढं झालो आणि म्हणालो, “बोम दिया.” म्हातारा मकुवा भाषेत म्हणाला, “सलामा.” मग आम्ही दोघंही हसलो, कारण दोघांचा शब्दसंग्रह तिथेच संपला. पुढचं सगळं चालकाच्या तोंडून.

त्याची माशांबा, म्हणजे शेत, दीड-दोन एकरांचं असावं. खत नाही, फवारणी नाही, बैलही नाही. सारी मशागत कुदळीची. मी विचारलं, घरी खाता का ही? थोडी खातो, म्हणाला, ओली असताना जास्त. मुख्य जेवण शिमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड. बाकीची तूर विकायला. कुठं जाते ठाऊक आहे? “इंडिया,” म्हातारा लगेच म्हणाला, आणि मग त्यानं मला जो प्रश्न विचारला, तो मी हजारो मैलांवरून ऐकायला आलो असेन असं वाटलं नव्हतं : “यंदा इंडिया किती घेणार?”

या प्रश्नामागची गोष्ट मला ठाऊक होती, पण फक्त आमच्या बाजूनं. 2015 साली आपल्याकडे तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली. शहरात हाहाकार, सरकार हवालदिल. 7 जुलै 2016 रोजी आपले पंतप्रधान मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोला आले आणि डाळींच्या खरेदीचा करार झाला. पहिल्या वर्षी एक लाख टन, वाढवत नेऊन 2020-21 मध्ये दोन लाख टन. इथल्या रेडिओवर, बाजारात, गावोगावी बातमी पसरली की इंडियाला तूर पाहिजे. लोकांनी पेरली. त्याच पावसाळ्यात, तोच भाव बघून, आमच्या मराठवाड्यातही लोकांनी पेरली. 2017 च्या उन्हाळ्यात आमच्याकडे तुरीला ठेवायला जागा नव्हती. हमीभाव बोनससकट 5,050 रुपये, पण खरेदी केंद्रावर कधी बारदाना नाही, कधी गोदाम भरलेलं. ट्रॅक्टरच्या रांगेत माणसं रात्र-रात्र झोपली. माझे काकाही त्या रांगेत होते. आम्ही शिव्या घातल्या त्या बाहेरच्या तुरीला.

त्या वर्षी 5 ऑगस्टला दिल्लीनं तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. आम्ही म्हटलं, उशिरा का होईना, शहाणपण आलं. ती तारीख इथल्या खळ्यावर कशी पडली असेल, याचा विचार आमच्यापैकी कुणी केला नव्हता. ऑगस्ट म्हणजे इथला भर हंगाम. करारातली तूर मर्यादेतून वगळलेली होती, पण बाजार कराराची कलमं वाचत बसत नाही. व्यापाऱ्यांनी हात आखडले आणि भाव असा कोसळला, की म्हाताऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे पोतं रस्त्यापर्यंत वाहून नेण्याचे कष्टही निघेनात. “त्या साली आम्ही तूर जाळली,” तो म्हणाला. मी दचकलो. त्यानं तुराट्यांच्या ढिगाकडे हात केला : शेंगांसकट, चुलीत.

दुपारी मोठ्या रस्त्यावर आलो. आंब्याखाली लोखंडी तिकाटणं, त्याला टांगलेला तराजू, शेजारी खुर्ची टाकून बसलेला खरेदीदार. बाया-माणसं डोक्यावरून, सायकलवरून पाच, दहा, वीस किलो आणत होती. खरेदीदारानं मूठभर तूर तळहातावर घेतली, एक दाणा दाताखाली फोडला, ओलावा जोखला, काडीकचऱ्याकडे बघून तोंड वाकडं केलं आणि भाव सांगितला. तोंड वाकडं करण्याची ती कला बघून आमचे स्नेही खूश झाले. “हा लातुरात उद्या आडत टाकू शकेल.” तराजूचा काटा मात्र जरा जास्तच लवकर स्थिर होत होता. ते सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. हेही ओळखीचंच.

इथून ही तूर नांपुलाच्या वखारीत जाते, चाळणीवर साफ होते, पन्नास किलोच्या पोत्यांत भरली जाते आणि दोनशे किलोमीटरवरच्या नाकालाला पोचते. नाकालाचं बंदर निसर्गानंच इतकं खोल करून ठेवलंय, की आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्याला तोड नाही. तिकडे जाताना फाटकावर आमची गाडी थांबली. समोरून कोळशाची मालगाडी. डबे मोजायला लागलो आणि मधेच नाद सोडला. हा कोळसा तेते प्रांतातल्या मोआतिझेचा, मलावी देश ओलांडून इथे येतो. ती खाणही 2022 पासून एका भारतीय उद्योगसमूहाकडे आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात या देशाचं द्रवरूप वायूचं पहिलं जहाज समुद्रात निघालं. मोझांबिकची निर्यात वाढली असं आकडे सांगतात ते प्रामुख्यानं कोळसा, ॲल्युमिनियम आणि वायू यांच्या जोरावर. फाटक उघडेपर्यंत डोक्यावर पोतं घेतलेली एक बाई आमच्या शेजारी थांबली होती. गाडीतल्या कोळशाशी तिचा संबंध तेवढाच, फाटक उघडण्यापुरता. पोत्याशी मात्र तिच्या पोरांच्या वह्यांपासून घराच्या पत्र्यांपर्यंत सगळ्याचा.

परतीला एक दिवस मोझांबिक बेटावर गेलो. तीनेक किलोमीटरचा अरुंद पूल, पलीकडे पोर्तुगीजांचा किल्ला आणि प्रवाळाच्या दगडांची पडकी घरं. 1752 पर्यंत या मुलखाचा कारभार गोव्याहून चालत असे. दीवचे व्यापारी इथं कापड आणत आणि हस्तिदंत नेत. पोर्तुगीजांनी ब्राझीलचा काजू गोव्यात लावला तसा इथंही लावला. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला काजू पिकवण्यात हा देश जगात अव्वल होता. पुढे यादवी युद्ध झालं. मग नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या आग्रहानं कच्च्या काजूची निर्यात मोकळी झाली, बी भारतातल्या कारखान्यांकडे निघाली आणि इथले कारखाने बंद पडून हजारो कामगार घरी बसले. किल्ल्याच्या तटावर उभा राहून स्नेह्यांना विचारलं, इथेच डाळगिरणी टाकली तर? ते समुद्राकडे बघत म्हणाले, “मग उदगीरला आम्ही काय करायचं?” प्रश्न चुकीचा नव्हता.

लातूरला परतल्यावर काकांना गजरीचे मूठभर दाणे दाखवले. त्यांनी एक दाताखाली फोडला, काही बोलले नाहीत. मग विचारलं, “यंदा बाहेरून किती येणार?”

दोन्ही खळ्यांवर प्रश्न एकच आहे, आणि त्याचं उत्तर दोघांच्याही हातात नाही. 2021 मध्ये दोन लाख टनांचा करार आणखी पाच वर्षांसाठी वाढवला गेला. खुल्या आयातीची मुदत मात्र त्यानंतरही वर्षा-वर्षानं, कधी ऐनवेळी वाढत राहिली. माझं म्हणणं एवढंच आहे : बाहेरून किती तूर आणायची ते दिल्लीनं खुशाल ठरवावं, पण जूनच्या आत सांगावं. आमची तिफण तेव्हा शेतात उतरते, आणि नांपुलाच्या म्हाताऱ्याला कुदळ उचलायला त्यानंतर पाच महिने असतात.