एका ताटातली चार खाती

१७ सप्टेंबर २०२५, बुधवार. जव्हार

दिवाळी अंकासाठी 'लठ्ठपणाविरुद्ध राज्य' असा विषय संपादकांनी दिला आणि मी जव्हारची एसटी धरली. त्यांना ते पटलेले नाही. "तिथे कोण लठ्ठ आहे?" असे त्यांनी फोनवर विचारले. प्रश्न रास्त आहे. पण माणसाच्या वजनासाठी सरकारी खात्यांना एका टेबलाभोवती बसवण्याचा खटाटोप राज्यात ज्या थोड्या ठिकाणी तीसेक वर्षे चालला आहे, त्यात मेळघाटाबरोबर जव्हार-मोखाडा येते. इथे वजन वाढवायचे होते, तिकडे कमी करायचे आहे. खाती मात्र बहुतेक तीच.

आजच आठवा राष्ट्रीय पोषण महिना सुरू झाला, १६ ऑक्टोबरपर्यंत चालेल. यंदाचा पहिला विषय लठ्ठपणा: साखर, मीठ, तेल कमी करा. आरोग्य खात्याचे 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' अभियानही आजच सुरू झाले. मोखाड्याच्या वाटेवरच्या एका पाड्यावर अंगणवाडीत गेले, तर सेविकाताई भिंतीवर 'तेल कमी खा'चा कागद चिकटवत होत्या. खाली बसलेल्या पोरांपैकी दोघांचे दंड रंगीत पट्टीत लाल पट्ट्यावर येतात, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या आत.

"फोटो टाकायचा असतो," त्या म्हणाल्या. "पण ताई, इथल्या बाया अर्धा लिटर तेल महिनाभर पुरवतात. त्यांना कमी करा म्हणून कोणत्या तोंडाने सांगू?"

मग त्यांनी फोटो काढला आणि टाकला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी त्याच अंगणवाडीत अमृत आहाराची पंगत बसली. भारतरत्न डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५च्या अखेरीस आदिवासी भागांत सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा बाईला दिवसातून एक चौरस, गरम जेवण. पुढच्या वर्षी सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळे द्यायचे ठरले.

आज ताटात भाकरी, भात, उडदाचे वरण, शेवग्याचा पाला, शेंगदाण्याचा लाडू आणि उकडलेले अंडे. पैसे आदिवासी विकास विभागाचे. रांधणे-वाढणे महिला व बालविकासाच्या सेविकेने आणि मदतनीसबाईने. जेवणानंतरची लोहाची गोळी आरोग्य खात्याची, आणि ती डोळ्यांसमोर गिळायची. खरेदी गावातल्या आहार समितीने करायची आणि हिशेब तिच्या बँक खात्यावर ठेवायचा. एकाने हात आखडला की ताट अर्धे राहते.

ही योजना मला आवडते ती तिच्या रचनेसाठी. समन्वयाची बैठक मुंबईत, पालघरला किंवा जव्हारला कितीही झाली, तरी इथे तो रोज दुपारी जमिनीवर मांडला जातो आणि जमला की नाही ते लगेच दिसते. अंडे नसेल तर बाई विचारते, "आज अंडा नाही?" कोणत्याही आढावा बैठकीत इतका नेमका प्रश्न कोणी विचारत नाही.

जेवण घरी न देता अंगणवाडीत का, हे मी एका गरोदर सुनेला विचारले. ती हसली. "घरी नेलं तर सगळ्यांचं होतं." शिधा वाटणाऱ्यांना जे उमगायला वर्षे लागली, ते तिने पाच शब्दांत सांगितले. घरपोच आहाराच्या पाकिटाचे असेच होते. ते घरातल्या सगळ्यांत वाटले जाते, चव आवडली नाही तर बकरीपुढे जाते, आणि वहीत मात्र 'वाटप पूर्ण'.

पण गुण गाताना हेही लिहायला हवे की निधी वरून उशिरा येतो, तेव्हा वाण्याची उधारी सेविकेच्या नावावर चढते. चार खात्यांच्या मधली फट बुजवायला पाचवा हात तिचा, आणि त्या हाताला पगार नाही, मानधन आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

सगळे सुरू झाले ते वावर-वांगणीपासून. १९९२च्या पावसाळ्यात आणि नंतर जव्हार तालुक्यातल्या या भागात शंभराहून अधिक बालके दगावली. तेव्हा जिल्हा ठाणे, मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक. बातम्या आल्या, मंत्री आले, मग जव्हारला अप्पर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय झाले. १९९५ साली नवसंजीवन योजना आली. या नावाखाली नवे असे थोडेच होते. आरोग्य, पोषण, रेशन, पाणी, रोजगार हमी अशा निरनिराळ्या खात्यांच्या योजना एका दोरीत ओवून दोरीचे टोक जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती द्यायचे, ही त्यातली कल्पना. पावसाळ्याआधी पाड्यापाड्याचे सर्वेक्षण, धान्य आधीच पोहोचवणे, पाडा स्वयंसेवक, डॉक्टरांची भरारी पथके.

म्हणजे मूल मेले ते कशाने, याचे सरकारने दिलेले हे अप्रत्यक्ष उत्तरच होते. रोगाने म्हणा तर आरोग्य खाते, भुकेने म्हणा तर बालविकास, कामाचे पैसे थकले म्हणा तर रोजगार हमी, वाट नव्हती म्हणा तर बांधकाम. मूल एकच. त्याआधी जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत असे. ती सवय मोडली असे मी म्हणणार नाही. निदान ती बोटे एका खोलीत तरी आली.

१ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला. दोनच वर्षांनी, २०१६ला, मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी पुन्हा राज्यभर खळबळ उडाली.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

आजपासून जीएसटीचे नवे दर. फरसाण-शेव १२ टक्क्यांवरून ५वर, बिस्किटे १८वरून ५वर. साखर घातलेली फसफसती पेये तेवढी ४० टक्क्यांच्या खणात ठेवली आहेत.

खोडाळ्याच्या बाजारात दुकानाच्या तोंडाशी पुड्यांच्या माळा लोंबतात. पाच रुपयांची पुडी. दुकानदार म्हणाला, "किंमत पाचच राहणार, आतला माल वाढेल." दहा-अकरा वर्षांची एक मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन आली, एक पुडी घेतली आणि दोघांनी ती शाळेच्या वाटेवर संपवली. तिची आई पहाटे मजुरीला गेली असणार. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर थापायची तर चूल हवी, वेळ हवा, आणि नागली हवी. पुडीला पाच रुपये पुरतात.

त्याच आठवड्यात एक खाते सांगते मीठ-तेल कमी खा, आणि दुसरे खाते खारे-तळलेले स्वस्त करते. दोघांनी एकमेकांचे परिपत्रक वाचले असेल असे वाटत नाही. दर कमी करण्यामागे त्यांची कारणे आहेत, ती समजतात. पण लठ्ठपणाविरुद्धच्या लढाईत अर्थखाते कोणत्या बाजूला उभे आहे, हे विचारायला कोणती समिती आहे? चिलीने २०१६ साली पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले आणि शाळांतून असा माल हद्दपार केला. तिथे आरोग्य, शिक्षण आणि जाहिरातीचे नियम एकाच कायद्यात बसले. आपल्याकडे पाकिटाच्या दर्शनी बाजूला तारे छापण्याचा मसुदा सप्टेंबर २०२२चा आहे. मसुदाच आहे.

रेशनचेही तसेच. २०२२च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' आला: शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. इथल्या घरांना तो हवाच होता, आणि सणाला गोडधोड करणाऱ्या माणसाला मी आहारशास्त्र शिकवायला जाणार नाही. एवढेच नोंदवते की त्या पिशवीत काय असावे हे ठरवताना पोषणाचे काम करणारे कोणी खोलीत होते असे ती पिशवी पाहून वाटत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

संपादकांना आज सविस्तर पत्र लिहिले. त्यांच्या 'तिथे कोण लठ्ठ आहे' या प्रश्नाचे उत्तर पुण्यात आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास करत आले. त्या गावांतली बाळे जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपल्या बारक्या बाळांत कमी पडले होते ते मांस आणि अवयव. चरबी त्यांनी राखून ठेवली होती. दिसायला रोड, आतून मेदाळ. आईच्या पोटात उपास घडलेले शरीर पुढे खायला मिळाले की ते पोटाभोवती साठवते, आणि साखरेचा आजार लवकर गाठतो. याज्ञिकांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला होता. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

आता पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले (२०१९-२१) महाराष्ट्राचे आकडे शेजारी मांडा. पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी. बायकांपैकी २०.८ टक्के अशक्त आणि २३.४ टक्के प्रमाणापेक्षा जाड. हे दोन वेगळे महाराष्ट्र आहेत असे आपण समजतो. मोखाड्यातले अडीच किलोच्या आतले बाळ वीस वर्षांनी भिवंडीच्या गोदामात बसून वडापाववर दिवस काढेल, तेव्हा ते दुसऱ्या रकान्यात जाईल.

त्यामुळे मला असे वाटू लागले आहे की राज्याची लठ्ठपणाविरुद्धची सर्वांत मुळाशी जाणारी योजना हीच, पाड्यावरच्या गरोदर बाईच्या ताटातली. तिच्यावर मात्र 'कुपोषण' असा शिक्का आहे, आणि लठ्ठपणाच्या नावावर कागद चिकटतो.

२८ सप्टेंबर, रविवार

पाऊस धो धो. पालघरला लाल इशारा. ओहोळ भरले की पाडे तुटतात. मग अंगणवाडीत बाई येत नाही, ताट जात नाही. खोलीत बसून राजमाता जिजाऊ मिशनची कागदपत्रे वाचली.

औरंगाबादचे विभागीय आयुक्त असताना व्ही. रमणी यांनी तिथे एक साधी गोष्ट केली: मुलांची वजने खरी घ्यायला लावली. त्याआधी कागदावर अतिकुपोषित मूल क्वचितच असे, कारण ते दाखवले की शिक्षा. आकडा वाढला म्हणून कोणालाही बोल लागणार नाही, असा शब्द दिल्यावर मुले दिसू लागली. त्यातून २००५ साली राज्याचे मिशन उभे राहिले. स्वतः योजना न राबवता खात्यांना जोडणे, टोचणे, मोजणे हे त्याचे काम. २००५-०६मध्ये राज्यातली दोन वर्षांखालची ३९ टक्के मुले बुटकी होती, २०१२च्या पाहणीत ती २३ टक्क्यांवर आली. श्रेय कोणाचे यावर वाद आहेत. मिशनला हुकूम देण्याचा अधिकार नव्हता, पण सचिवांशी थेट बोलण्याचा होता, आणि मला वाटते तो पुरला.

लठ्ठपणाचे वजन आज कोण खरे घेतो? शाळेत वर्षातून एकदा उंची-वजन होते. पुढे त्या कागदाचे काय होते, ते विचारायचे आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

जव्हार गजबजले. मुकणे राजांच्या संस्थानाच्या काळापासूनचा दसरा. ठाण्या-नाशकाकडच्या गाड्या आल्या, जय विलास राजवाड्यासमोर फोटो. एक मोठे कुटुंब मला विचारत होते, "इथे नाचणीचे काही मिळते का? डाएटसाठी." पत्ता सांगितला. शहरात नाचणी औषध झाली आहे आणि इथे पुडीने तिला हुसकले आहे. दोन्हीकडे भाव बदललेला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

एका आढावा बैठकीला मागे बसू दिले. कोणती, ते लिहीत नाही. आरोग्याचा अतितीव्र कुपोषितांचा आकडा आणि बालविकासचा आकडा जुळेना. एकाने दंड मोजला होता, दुसऱ्याने उंचीला वजन. दोन्ही बरोबर. अर्धा तास त्यात गेला. मग एका तरुण डॉक्टरने दोन्ही याद्या मागितल्या आणि म्हणाला, "आकडे राहू द्या, नावे वाचा." नावे वाचायला घेतल्यावर काम भराभर झाले. हे मूल कुणाकडे, ते उपचार केंद्रात का गेले नाही, तर आई धाकट्याला सोडून येऊ शकत नाही, मग सेविका गावातच ग्राम बाल विकास केंद्रात घेईल.

शेवटी विषय निघाला पोषण महिन्याच्या अहवालाचा. लठ्ठपणाचे किती कार्यक्रम घेतले? आकडा भरला गेला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी दहा दिवसांवर. भाताची कापणी उरकली की माणसे निघतील: भिवंडी, वसई, वाडा, वीटभट्ट्या, बांधकामे. मुकादमाची उचल काहींनी घेऊनही झाली. घर मोकळे होणार आणि होळीपर्यंत, काहींचे पावसापर्यंत, तसेच राहणार.

बालविकास विभागाने स्थलांतरितांचा माग ठेवणारी मोबाइल यंत्रणा आणली, तिच्या पहिल्या जिल्ह्यांत पालघर होते. सेविका इथून नाव सोडते, तिकडची सेविका उचलते. सेविकाताईंनी आज त्यासाठीच यादी काढली होती. सातव्या महिन्यातली ती हसरी सून समोर होती.

"भट्टी कोणत्या गावाला?"

"मुकादमाला माहीत."

ताईंनी मुकादमाला फोन लावला. तीन खेपांनंतर उचलला, गावाचे नाव सांगितले, भिवंडीकडचे. त्यांनी वहीत लिहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नाव तिकडे जाईल. पाकीट मिळेल, लस मिळेल. ताट नाही मिळायचं."

अमृत आहार अनुसूचित क्षेत्रापुरता आहे. भिवंडी तालुक्यातली काही गावे त्यात आहेत, काही नाहीत, आणि हे गाव त्यात येत नाही. इथे ती आदिवासी विकास विभागाची लाभार्थी होती, तिथे ती मजूर म्हणून कामगार खात्याची. पोटातले बाळ जानेवारीत भट्टीवरच जन्मेल.

मुख्य सेविकेशी बोलले. त्या म्हणाल्या, हा प्रश्न त्यांनी लेखी वर पाठवला आहे. कोणत्या खात्याकडे, असे विचारले. "आमच्याकडेच," त्या म्हणाल्या. "आदिवासी विकासला आम्ही थेट लिहू शकत नाही."