अजगराचा आळस

भाषा प्राण्यांना एकेक गुण वाटून देते आणि मग तो परत घेत नाही. कोल्हा लबाड ठरला, गाढव मूर्ख ठरले, आणि अजगराच्या वाट्याला सुस्ती आली. जेवून आडवा झालेला माणूस अजगरासारखा पडतो, हलायला तयार नसलेली सरकारी यंत्रणाही अजगरासारखीच पडते. वस्तुतः या प्राण्याचे नाव त्याच्या एका कृतीवरून पडलेले आहे. 'अज' म्हणजे बोकड, आणि बोकडाला गिळणारा तो अजगर. नाव गिळण्यावरून पडले आणि कीर्ती लोळण्यावरून झाली. या दोहोंमधील अंतर आपल्या वाङ्मयीन परंपरेतही स्पष्ट दिसते.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदूला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत अजगर आहे. आपण होऊन जे येईल तेवढ्यावर राहणारा आणि न आले तर स्वस्थ पडून राहणारा म्हणून तो वंदनीय मानला गेला. याच स्कंधावर एकनाथांनी टीका रचली व ती १५७३ साली वाराणसीत पूर्ण केली. त्यामुळे मराठी श्रोत्यांना हा अजगर गुरू म्हणून कित्येक पिढ्या परिचित आहे. महाभारताच्या शांतिपर्वातही आजगरव्रताने राहणारा मुनी प्रल्हादाला भेटतो. उत्तरेकडे मलूकदासांच्या नावावरील दोह्यात चाकरी न करणारा अजगर आला आणि तो पुढे ऐतखाऊंच्या समर्थनासाठी वापरला गेला. निरीक्षण एकच, पण विरक्ताने त्याचे वैराग्य केले आणि लोकव्यवहाराने आळस. या दोन्ही अर्थांत प्राण्याकडे कोणी फारसे पाहिलेले नाही, असे म्हणावे लागते. त्या मानाने वनपर्वातील नहुषाची कथा अधिक जाणती आहे. शापाने अजगर झालेला हा राजा भीमाला विळखा घालतो, आणि दहा हजार हत्तींचे बळ असलेला भीम त्या विळख्यात निरुपाय होतो. युधिष्ठिर त्याला प्रश्नोत्तरांनी सोडवितो. शस्त्राचा तिथे उपयोग नसतो. ज्याने ही कथा रचली त्याला अजगराच्या स्वस्थपणात साठलेली शक्ती ठाऊक असावी.

ते स्वस्थपण म्हणजे काटकसर आहे. अजगराला शरीर तापविण्यासाठी रोज अन्न जाळावे लागत नाही, म्हणून आठवडेच्या आठवडे, प्रसंगी महिनोन्‌महिने तो उपाशी राहू शकतो. वाटेच्या कडेला, पाचोळ्याच्या रंगात मिसळून तो वाट पाहतो. ओठांवरील खवल्यांतल्या खाचांना उष्णता जाणवते, त्यामुळे अंधारातही उबदार रक्ताचा प्राणी त्याला कळतो. विळख्यात सापडलेले भक्ष्य गुदमरून मरते असे पाठ्यपुस्तके सांगत आली. पण त्याच पद्धतीने शिकार करणाऱ्या बोआ सापावर झालेले संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले, आणि विळख्याने रक्ताभिसरणच थांबते असे त्यात दिसून आले. जेवणानंतरचे 'लोळणे' तर अत्यंत कष्टाचे. ब्रह्मदेशी अजगराचे हृदय मोठ्या जेवणानंतर दोन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढते आणि पचन संपले की पूर्ववत होते. बाहेरून ज्याला आपण सुस्ती म्हणतो त्या वेळी आत अवयवांची फेरबांधणी चाललेली असते.

परंतु आळसाच्या आरोपाला खरे उत्तर देते ती अंडी उबविणारी मादी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात राहून गेलेल्या लामार-पिको या फ्रेंच निरीक्षकाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळविले की येथील अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि त्यांना ऊब देते. विद्वानांनी ते मानले नाही. थंड रक्ताचा प्राणी ऊब देईल कुठून? पुढे १८४१ साली पॅरिसच्याच प्राणिसंग्रहातील एका मादीने अंडी घातली, व्हालेन्सियेन यांनी वेटोळ्यांत तापमापक ठेवून पाहिला, आणि ऊब खरी निघाली. तिचे कारण कळायला मात्र आणखी सव्वाशे वर्षे जावी लागली. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील एका ब्रह्मदेशी मादीवर केलेले प्रयोग १९६६ साली प्रसिद्ध झाले. भोवतालचे तापमान ३३ अंश सेल्सियसच्या खाली गेले की तिचे स्नायू ठरावीक अंतराने आकसू लागत. जसजसा गारठा वाढे तसतशी ही थरथर वाढे. उबवणीच्या सुमारे दोन महिन्यांत ती बहुधा काही खात नाही. म्हणजे अंड्यांची ऊब तिच्या अंगच्या मांसातून येते. अवधूताने गुरू केला तो अजगर बहुधा नर असावा!

ही माहिती पिंजऱ्याने दिली, हे मान्य केले पाहिजे. २०२० साली अमेरिकेतील सेंट लुइस प्राणिसंग्रहालयात साठी ओलांडलेल्या एका आफ्रिकी बॉल अजगर मादीने, कित्येक वर्षे नराचा सहवास नसताना, सात अंडी घातली. इतके वय आणि अशी नोंद रानात मिळणे अशक्यच. पण पिंजऱ्यातला अजगर कुणाचा शेजारी नसतो. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात भूपती आणि विजयन यांनी १९८०च्या दशकात भारतीय अजगराचा अभ्यास केला. तिथे तो साळिंदराने खणलेल्या बिळांत राहतो, आणि अनेकदा साळिंदर त्याच बिळात नांदत असते. अजगर स्वतः बीळ खणत नाही. हिवाळ्यात रात्री गारठतात तेव्हा तो आत असतो, दुपारी बिळाच्या तोंडाशी येऊन ऊन खातो, आणि नेमके त्याच वेळी पर्यटक त्याला पाहायला येतात. पावलांच्या चाहुलीने तो आत सरकला की त्या दिवसाचे ऊन गेले. त्याच्या रानातल्या जगण्याला बीळ हवे, बिळाला साळिंदर हवे, आणि दोघांना न हललेली जमीन हवी. काचेच्या पेटीत यांपैकी काहीच नसते. तिथे वेळेवर मेलेला उंदीर मिळतो. लोकांच्या कल्पनेतला आळशी अजगर कुठे असेलच तर तो या पेटीत.

भारतात अजगराच्या तीन जाती आहेत : बहुतेक देशभर आढळणारा भारतीय अजगर, ईशान्येकडचा ब्रह्मदेशी अजगर, आणि निकोबार बेटांवरचा जाळीदार अजगर. पहिल्या दोघांना दीर्घकाळ एकाच जातीचे मानले जाई. २००९ साली त्यांना वेगळे करण्यात आले. यांतल्या ब्रह्मदेशी अजगराला हौसेखातर अमेरिकेत नेले गेले. पाळीव म्हणून घेतलेले पिल्लू चार-पाच मीटरचे झाले की मालकाची हौस संपते. सुटलेल्या आणि सोडून दिलेल्या अशा अजगरांची प्रजा फ्लॉरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत इतकी वाढली की, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार, तिथे रॅकून दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटले होते. त्याच वर्षी या जातीच्या आयातीवर अमेरिकेने बंदी घातली. फ्लॉरिडातल्या दलदलीत अजगर दिसणे ही मोठी कठीण गोष्ट. हजारो असूनही ते शोधणाऱ्यांच्या हाती क्वचितच लागत.

२०१७ साली तिथे तामिळनाडूतील इरुळा जमातीचे मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल यांना बोलावण्यात आले. दबलेले गवत, मातीवरची सरपट, विष्ठा अशा खुणांवरून ते माग काढीत. पहिल्या आठ दिवसांत त्यांनी १३ अजगर पकडले. त्यांत एका जुन्या क्षेपणास्त्रतळाच्या पडक्या बांधकामातून काढलेली, सुमारे पाच मीटर लांबीची मादी होती. २०२३ साली या दोघांना पद्मश्री मिळाली. सापांच्या कातड्यांसाठी माग काढणे हा त्यांच्या जमातीचा एके काळचा धंदा. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यानंतरची कातडी-निर्यातबंदी यांनी तो थांबविला, आणि १९७८ पासून इरुळांची सहकारी संस्था जिवंत सापांचे विष काढून ते प्रतिविषासाठी पुरवू लागली.