पिंपातलं पाणी

इंदूर, ३ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा,

आत्याकडे सुखरूप पोचले. पोहे-जिलबी झाली, सराफा झाला. ते सगळं आईला वेगळं लिहीन. तुम्हाला लिहावं असं दुसरंच काही सापडलंय. समुद्रापासून इतक्या लांब, सांवेर रोडच्या कारखान्यांच्या गर्दीत, दादाच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये एक बोट लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली आहे.

इंदुरात पाणी नाही असं नाही हं. सिरपूर तलाव आणि गंभीर नदीवरचा यशवंत सागर, ही दोन्ही होळकरांची कामं २०२२ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, आणि गेल्याच महिन्यात उदयपूरबरोबर इंदूरला पाणथळ शहराचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. आत्या हे अशा थाटात सांगते की तलाव तिनेच खणला असावा. प्यायचं बहुतेक पाणी मात्र खाली नर्मदेवर जलूदला उपसून, घाट चढवून आणावं लागतं. बोटही तिकडचीच, नर्मदेवरच्या एका धरणाच्या फुगवट्यात पर्यटकांना फिरवणारी.

तुम्ही तिला नाव म्हणणार नाही, कारण तिला पोटच नाही. ॲल्युमिनियमची दोन लांब बंद नळकांडी, त्यांवर आडव्या पट्ट्या, वर प्लायवूड, त्यावर हिरवं नकली गवत, कठडा, छत आणि मागे इंजिन. मालकाची तक्रार एवढीच की ती डावीकडे जरा झुकते. उजव्या बाजूला चार माणसं जास्त बसवली की सरळ होते, म्हणून तशीच दोन हंगाम चालवली म्हणे. हे तो हसत सांगत होता.

इंदूर, ६ फेब्रुवारी

ती. बाबा,

बोट उघडली. दादाने आधी लाकडी हातोडीने डावं नळकांडं या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवलं. दोन्ही टोकांना खणखणीत, मध्ये बद्द. आत पडदे घालून तीन कप्पे केलेले असतात, एक फुटला तरी बाकीच्या दोघांनी तारावं म्हणून. मधल्याचं बूच काढलं तर हिरवट, कुजका वास मारणारं पाणी किती वेळ वाहत राहिलं! मी हिशेब मांडला. व्यास ६० सेंटिमीटर, लांबी ६ मीटर; म्हणजे एका नळकांड्याचं घनफळ सुमारे १,७०० लिटर. त्यातला एक कप्पा पुरता भरला तर साडेपाचशे किलोंहून जास्त वजन झालं. आठ धडधाकट माणसं तिकीट न काढता कायमची बसलेली! आणि बसायची संख्या मालक धरत होता ती कोऱ्या बोटीची.

मग ते हिरवं गवत उचकटलं. खालचं प्लायवूड हाताने तुकडे निघावेत इतकं कुजलेलं. वरून पाणी मुरतं, वाळायला वाट नाही, आणि गवत छान हिरवंगार दिसत राहतं. आडव्या पट्ट्यांत स्टेनलेसचे बोल्ट होते. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की झिजतं ते ॲल्युमिनियम. बोल्ट चकचकीत आणि भोकाभोवती पांढरी भुकटी. पाणी शिरलं ती चीर मात्र चटकन सापडेना. शेवटी कप्प्यात हवा भरून साबणाचं पाणी लावलं. हवा दोन-तीन पौंडच भरायची, जास्त भरली तर चांगला सांधाही उकलतो. पट्टीचा पाय जिथे नळकांड्याला जोडलाय तिथे बुडबुडे आले. इंजिनाच्या थरथरीने तिथेच ताण येतो. त्या चिरेवर कोणीतरी इपॉक्सी थापून वर चंदेरी रंग मारून ठेवला होता! म्हणजे दुखणं आधीच कोणालातरी माहीत होतं.

दुरुस्तीत घाई चालत नाही. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढे पळत नाही. कप्पा धुऊन पूर्ण वाळवला. बंद पोकळीत पाणी किंवा पेट्रोलची वाफ राहिली असताना वेल्डिंग करणं म्हणजे स्फोटाला बोलावणं, म्हणून बूच सबंध वेळ उघडं. मग आर्गन वेल्डिंग आणि वरून ठिगळ, तेही गोल कोपऱ्यांचं. चौकोनी ठिगळ कोपऱ्यातूनच पुन्हा तडकतं.

मालक अंदाजपत्रक पाहून तापला. त्याला फक्त लेप हवा होता. दादा म्हणाला, ‘‘लेपच पाहिजे तर बोट घेऊन जा भाऊ, पण माझ्या शेडमध्ये आली होती असं कोणाला सांगू नका.’’ मग मालकाने नळकांड्यांत थर्माकोल ठासायची युक्ती काढली. थर्माकोल पेट्रोलने विरघळतो, आणि त्याच्या आड ओल साठून राहिली तरी बाहेरून कळत नाही. दादाने ऐकलं नाही ते बरं केलं. मालक घासाघीस करत बसला, पण शेवटी कबूल झाला.

महेश्वर, ९ फेब्रुवारी

ती. बाबा,

आज रविवार, म्हणून आत्याला घेऊन खाली नर्मदेवर आलो. अहिल्याबाईंच्या घाटाबद्दल तुम्ही वाचलंय, मी नव्याने काय सांगू. मी बघत बसले ते घाटाला लागलेल्या लाकडी नावांकडे. एक नावाडी डब्याने आतलं पाणी उपसत होता. अशा नावेत पाणी शिरलं तर ते पायाशी दिसतं, बसणाऱ्यालाही आणि वल्हवणाऱ्यालाही. तुम्ही फटीत कापूस ठोकून राळ लावायचात तेव्हा गिऱ्हाईक शेजारी उभं राहून बघायचं. बंद नळकांड्याचं तसं नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

१९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आलाय. इंजिनाच्या बोटीला नोंदणी आणि तपासणीचा दाखला लागतो. तरी ७ मे २०२३ ला केरळात तानूरला मासेमारीच्या बोटीची पर्यटक बोट केलेली उलटली आणि २२ माणसं गेली. दाखला पाहणाऱ्याने बूच उघडलं पाहिजे, गवत उचललं पाहिजे. नुसती जीवरक्षक जाकिटं मोजून भागत नाही, तीही मोजावीतच.

आपल्या खाडीत गेल्या वर्षी आलेल्या तसल्याच बोटीचा मालक तुमच्या ओळखीचा आहे. मे महिन्याची गर्दी व्हायच्या आत त्याला ती काठावर ओढायला लावा आणि सगळी बुचं तुमच्यासमोर काढायला सांगा. तोवर आईला आणि पोरांना तिच्यात बसू देऊ नका.

तुमची लेक