गळती

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत, ऑरेगन राज्यात राहतो. मोटारीमागे जोडून हवे तेथे ओढीत न्यावे, असे एक चाकांवरचे घर त्याने कोणाकडून तरी वापरलेले विकत घेतले आहे. तिकडे त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. एका दिवाळीच्या सुटीत मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा तिकडचा पावसाळा नुकताच सुरू झाला होता. आणि त्या घरात खिडकीखाली, माझ्या पुतणीच्या बिछान्याशेजारी, चहाच्या रंगाचा एक डाग उमटला होता.

कोकणातल्या कौलारू घरात वाढलेल्या माणसाला गळतीविषयी कोणी काय शिकवावे? "अरे, खिडकीच गळते आहे," मी निकाल देऊन टाकला. भाऊ क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बरं, दादा." शनिवारचा सारा दिवस खर्चून आम्ही खिडकीची चौकट काढली, तिच्यामागची ब्यूटिलची जुनी चिकटपट्टी खरवडली आणि नवी बसवली. पुढच्या पावसात डाग वीतभर वाढला. बिछान्याखालची फळी बोटाने दाबून पाहिली, तो ती भिजलेल्या पावासारखी खचली.

मग भावाने एक दमदार पंखा आणला. छताच्या झरोक्यात तो बसवून, दारेखिडक्या लावून घेऊन त्याने बाहेरची हवा आत कोंडली. आणि बाहेरून सांध्यासांध्यावर साबणाचे पाणी शिंपडीत तो फिरू लागला. जेथे फट, तेथे बुडबुडे! आमच्या घरी कौल फुटले की माळ्यावर कवडसा पडे. ऊन जेथून आत येई तेथूनच पाऊसही येई. येथे उन्हाचे काम वारा करीत होता, इतकेच. खिडकीपाशी एकही बुडबुडा उठला नाही. ते उठले तेथून पाचसहा हातांवर, छताच्या कोपऱ्यातील एका लहानशा दिव्याच्या बुडाशी. पाणी तेथे शिरे, भिंतीतल्या लाकडी पट्ट्यांवरून मुकाट्याने चालत जाई आणि खिडकीशी येऊन तोंड दाखवी.

"तुला हे आधीच वाटले होते काय?" मी विचारले.

"वाटलं होतं, दादा."

"मग बोलला का नाहीस?"

तो नुसता हसला. "तुझ्यापुढे घरात कधी कोणी बोललंय का?"

गेल्या कित्येक वर्षांत त्याचे माझ्याशी बोलणे आटत आले होते, आणि त्याचे खापर मी बिनदिक्कत अमेरिकेच्या अंतरावर फोडीत आलो होतो. डाग दिसतो तेथेच छिद्र असणार, असे मी तेथेही धरून चाललो होतो!

पुढचे काम त्याने सांगावे आणि मी करावे, असे चालले. दिव्याभोवतीचा तडकलेला जुना लेप आम्ही पुरता खरवडून काढला, कारण जुन्यावर नवा नीट धरत नाही. कुजलेली फळी कापून काढली. नवी फळी हातात घेऊन मी विचारले, "आता बसवायची ना?"

त्याने आत हात घालून लाकूड चाचपून पाहिले. "अजून ओल आहे, दादा. आत्ता झाकलं तर आतल्या आत कुजेल. चार दिवस थांबू."

मी फळी खाली ठेवली.